वाटाड्याला वाट द्या

आपल्या भागात कुत्र्याला देवाच्या पायाशी जागा आहे, देवळाच्या पायरीवर नाही. घरोघरी लावलेल्या तसबिरीत गाणगापूरच्या दत्तगुरूंभोवती चार कुत्री असतात आणि त्यांना आपण चार वेद मानतो. बीदरजवळच्या मैलारच्या खंडोबालाही कुत्र्याची सोबत आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु खरेखुरे कुत्रे हॉटेलच्या दारात येऊन उभे राहिले, की तोंडातून पहिला शब्द निघतो तो 'हाड!' या विसंगतीकडे हसून दुर्लक्ष करता आले असते. पण तिची बेडी काही माणसांच्या पायांत पडते, म्हणून हे चार शब्द लिहीत आहे.

माझ्या वर्गात एक दृष्टिहीन मित्र आहे. वसतिगृहापासून वर्गापर्यंत तो पांढऱ्या काठीच्या आधाराने एकटा येतो. बसस्थानकावर मात्र त्याला कुणाचा तरी दंड धरावा लागतो. गेल्या दिवाळीत सोबत मिळाली नाही, म्हणून सुट्टी लागल्यावरही तो दोन दिवस वसतिगृहातच राहिला. एकदा त्याने मला विचारले, "परदेशात आंधळ्या माणसाला कुत्रा नेतो म्हणतात. आपल्याकडे का नाही रे?" या प्रश्नाचे सोपे उत्तर 'पैसा नाही' असे आहे. खरे उत्तर, मला वाटते, निराळे आहे.

अंधांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करण्याची पहिली शाळा पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे निघाली. युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी ती होती. पुढे १९२८ मध्ये मॉरिस फ्रँक हा अमेरिकन तरुण स्वित्झर्लंडला जाऊन 'बडी' नावाची कुत्री घेऊन परतला आणि न्यूयॉर्कच्या गजबजलेल्या रस्त्यातून वार्ताहरांच्या देखत तिच्यासह पलीकडे गेला. १९२९ मध्ये 'द सीइंग आय' ही संस्था स्थापन झाली. त्या वेळी तिथेही कुत्र्याला आगगाडीत, हॉटेलात, दुकानात मज्जाव होता. १९३५ पर्यंत तेथील रेल्वे कंपन्यांनी असे कुत्रे मालकाजवळ बसू देण्याचा नियम केला आणि १९५६ पर्यंत प्रत्येक राज्यात तसा कायदा झाला. म्हणजे पहिला कुत्रा आल्यापासून सगळे दरवाजे उघडेपर्यंत अठ्ठावीस वर्षे गेली. कायदा आधी आणि कुत्रा मागाहून, असे तिथेही घडले नाही.

आता हा कुत्रा घडतो कसा ते पाहू. पिल्लू सुमारे आठ आठवड्यांचे झाले, की ते एखाद्या स्वयंसेवक कुटुंबाकडे देतात. तिथे ते वर्ष-सव्वा वर्ष राहते. ठरल्या जागी शी-शू करणे, जेवणाऱ्यांच्या ताटाकडे न पाहणे, हाक मारताच येणे, हे त्याला घरातच शिकवतात. परंतु घरापेक्षा मोठा पाठ बाहेरचा. ते कुटुंब त्याला बाजारात, बसमध्ये, स्टेशनावर, कचेरीत, जिन्यावरून, लग्नाच्या गर्दीतून नेते, कारण ज्याने बँडचा आवाज लहानपणी ऐकला नाही तो मोठेपणी वरात दिसताच बिथरेल. त्यानंतर संस्थेत काही महिन्यांचे शिक्षण होते आणि शेवटी कुत्रा व अंध व्यक्ती यांना एकत्र शिकवतात. सगळीच पिल्ले या परीक्षेत उतरत नाहीत.

कुत्र्याला रस्ता पाठ असतो, हा गैरसमज आहे. कुठे जायचे ते माणूसच ठरवतो. कुत्रा खड्डा, पायरी, उभी सायकल चुकवतो. माणसाने 'चल' म्हटले आणि समोरून ट्रक येत असला, तर तो हलत नाही. हुकूम पाळणे पुष्कळांना शिकवता येते. कोणता हुकूम मोडावा ही अक्कल मात्र फार थोड्या शाळा देतात!

असे एक पिल्लू बीदरच्या चौबाऱ्यावरून किंवा कलबुर्गीच्या सुपर मार्केटमधून नेण्याची कल्पना करा. मराठी, कानडी आणि दखनी अशा तिन्ही भाषांत त्याला हाकलले जाईल. कुणी दगड उचलेल, कुणी प्रेमाने बिस्किट टाकेल, आणि हे बिस्किटही दगडाइतकेच घातक, कारण कामावरच्या कुत्र्याला लाड करून विचलित करणे म्हणजे वाहन चालवणाऱ्याचे डोळे झाकणे होय. गल्लीतली मोकाट कुत्री अंगावर येतील ती वेगळीच. सांगावयाचा मुद्दा हा, की वाटाड्या कुत्रा एकटी संस्था घडवीत नाही, त्याला गाव घडवते. आपल्याकडे लॅब्रॅडोर पाळणारी घरे आहेत. त्या पिल्लाला वाढू देणारा रस्ता नाही.

यावर आक्षेप येतील आणि ते खोटे नाहीत. कुत्रा चावण्याची भीती खरी आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी बहुधा वाचत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारांतून मोकाट कुत्री हटवण्याचा आदेश दिला, तो याच भीतीपोटी. परंतु लस टोचलेला, पट्ट्यात बांधलेला, शिकवलेला कुत्रा आणि मोकाट कुत्रा यांना एकाच मापाने मोजणे न्यायाचे नाही. कुणाला कुत्र्याचा विटाळ वाटतो, कुणाच्या धर्मात तो घरात चालत नाही. त्यांच्या घरात तो नेऊ नये. पण रस्ता, बस आणि वाचनालय ही कुणा एकाची घरे नव्हेत.

कुणी म्हणेल, यंत्रे आली आहेत, कुत्रा कशाला? दिल्लीच्या आयआयटीत तयार झालेली 'स्मार्टकेन' २०१४ मध्ये आली. ती समोरचा अडथळा ओळखून मुठीत कंप देते. उत्तम आहे, अवश्य वापरावी. ज्याला काठी बरी वाटते त्याने काठी घ्यावी आणि ज्याला कुत्रा हवा त्याला कुत्रा मिळावा. ही निवड त्याची असावी, आपली नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती आणि वाहतूक सर्वांना वापरता येतील अशा करण्याचे बंधन घातलेच आहे.

आपल्या भागाला या कामात एक अनुकूलता आहे. कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे मुख्यालय बीदरलाच आहे आणि मुधोळ कुत्र्यांवर संशोधन करणारे तिम्मापूरचे केंद्र त्याच विद्यापीठाचे आहे. मुधोळ ही शिकारी जात. ससा दिसला की धावणारी. वाटाड्याच्या कामाला जगभर मुख्यत्वे लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड घेतात. परंतु कुत्र्याचे आरोग्य, पैदास आणि स्वभाव जाणणारी माणसे जिथे आहेत, तिथे असा प्रयोग अशक्य का मानावा?

तोवर आपण विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी काय करावे? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक दिवस कुत्र्यांच्या लसीकरणाला द्यावा. सायकली आणि मोटारसायकली पायवाटेवर लावू नयेत. अंध व्यक्तीचा हात परस्पर धरून ओढू नये. आधी विचारावे, मग आपला दंड पुढे करावा. आणि महाविद्यालयाच्या नियमपुस्तकात एक ओळ घालावी: अंध व्यक्तीचा वाटाड्या कुत्रा व शिक्षण घेत असलेले पिल्लू यांना आवारात, वर्गात व वाचनालयात प्रवेश आहे. असा कुत्रा आज आपल्या आवारात नाही हे मला ठाऊक आहे. पण दार बंद असताना तो येणार नाही, आणि तो येत नाही म्हणून दार उघडायचे नाही, हे चक्र कुणी तरी तोडले पाहिजे. या ओळीला पैसा लागत नाही; ती या वर्षीच लिहिता येईल.