शिक्का कुणाच्या हातात?

जून महिना लागला की तहसील कचेरीसमोरच्या झाडाखाली आपल्या माणसांची गर्दी होते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नावातली चूक. प्रत्येकाच्या हातात कागद, आणि कागदावर हवा असतो नोटरीचा शिक्का. मागच्या वर्षी वस्तीतल्या एका मावशींना घेऊन मी असाच उभा होतो. नोटरीसाहेबांनी मान वर न करता सही ठोकली. प्रतिज्ञापत्रात काय लिहिले आहे ते मावशींना वाचून दाखवले नाही. पैसे मात्र मोजून घेतले. दराचा फलक कार्यालयाच्या आत आणि बाहेर लावावा असे नोटरी नियमच सांगतात. मी तो शोधला, दिसला नाही.

शिक्क्यासाठी रांगेत आपण पिढ्यान्‌पिढ्या उभे आहोत. शिक्का मारणाऱ्या खुर्चीवर आपली किती माणसे आहेत?

नोटरी अधिनियम 1952 चा आणि नियम 1956 चे. नेमणूक केंद्र किंवा राज्य सरकार करते, प्रमाणपत्र 5 वर्षांचे, पुढे नूतनीकरण. वकिलीची किमान 10 वर्षे लागतात. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि महिलांना 7 वर्षे. 1990 पासून बौद्धही अनुसूचित जातीच्या यादीत आहेत, म्हणजे ही सवलत आपल्याला आहे. पण सवलत वर्षांची आहे, जेवणाची नव्हे! पहिल्या पिढीचा वकील सीनिअरच्या हाताखाली फायली उचलतो, महिन्याकाठी प्रवासखर्चही सुटत नाही. घरी बाप आजारी, बहिणीचे लग्न. तो तिसऱ्या वर्षी कोट खुंटीला टांगतो आणि खाजगी नोकरी धरतो. सातवे वर्ष उजाडतेच कुठे? ज्याच्या बापाचे चेंबर आहे त्याला मात्र दहा वर्षेही जड जात नाहीत.

आता नियमांची भाषा बघा. अर्जावर प्रतिस्वाक्षऱ्या कुणाच्या, तर दंडाधिकारी, राष्ट्रीयीकृत बँकेचा व्यवस्थापक, एक व्यापारी आणि त्या भागातील दोन प्रतिष्ठित रहिवासी. प्रतिष्ठित कोण हे गावात कोण ठरवते, हे समाजशास्त्राच्या पुस्तकात शिकायची मला गरज पडली नाही. शिवाय एखाद्या भागात आणखी नोटरी हवा की नको हे ठरवताना त्या भागाचे व्यापारी महत्त्व पाहायचे. व्यापाऱ्याची हुंडी मोजायची, आणि जूनमधली दाखल्यांची रांग? ती कुणी मोजायची?

आमचेच काही मित्र म्हणतात, नोटरी म्हणजे शिक्केवाला, आपल्या पोरांनी न्यायाधीश व्हावे. जरूर व्हावे. पण बाबासाहेब 1923 साली मुंबईत वकिली करू लागले तेव्हा अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते, आणि गोरगरिबांचे खटले त्यांनी कमीपणा मानून टाळले नाहीत. मावशींच्या प्रतिज्ञापत्रातली एक चूक मुलीचा दाखला अडकवते, दाखला अडकला की शिष्यवृत्ती अडकते. हे काम छोटे कुणी ठरवले?

आपल्या संघटना जयंतीला लाखाची मिरवणूक काढतात. (मीही वर्गणी मागत फिरतो, म्हणून बोलतो.) त्यातला काही भाग तालुक्यातल्या एका होतकरू ज्युनिअर वकिलाला पहिली तीन वर्षे दरमहा द्या. वकीलपत्रांच्या प्रती, सनद, जातीचा दाखला पहिल्या दिवसापासून जपून ठेवायला त्याला सांगा, कारण सात वर्षांची वकिली कागदावरच सिद्ध करावी लागते. आणि प्रतिस्वाक्षरीसाठी ‘प्रतिष्ठित’ माणूस शोधताना वाड्याकडे बघू नका, आपल्या विहारात येणारे निवृत्त मुख्याध्यापक आहेत, डॉक्टर आहेत.

आपल्या जिल्ह्यात एकूण नोटरी किती आणि त्यांपैकी किती जणांची नेमणूक 7 वर्षांच्या तरतुदीखाली झाली, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी या आठवड्यात टाकतो आहे. तुमच्या जिल्ह्यातून तुम्ही टाका. उत्तर आले की इथेच छापू.