दोन्ही टोकांना नाव हवे

आपल्या प्रदर्शनात पाहुणे टेबलापाशी आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'हे चालतं का?' चालते म्हटले की दुसरा, 'काय काय करतं?' मागची फळी उघडून दाखव, असे मला आजवर कोणीही म्हटलेले नाही. गेल्या वर्षी कोणी म्हटले असते, तर एक धडा मला स्वस्तात मिळाला असता आणि दुसऱ्या एका मुलाची शिक्षा वाचली असती.

म्हणून या लेखात मला एक मागणी मांडायची आहे. आपल्या शाळेत बॅटरीवर चालणारी कोणतीही वस्तू तीन गोष्टींशिवाय टेबलावर येऊ नये : तारांचा कागदावर काढलेला नकाशा, प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नावाची चिठ्ठी, आणि ती तपासणाऱ्या दुसऱ्या कॅडेटची सही.

मागणी कारकुनी वाटेल, हे मला माहीत आहे. आमच्या एअरोमॉडेलिंगच्या गटात मी ती पहिल्यांदा मांडली तेव्हा एक मित्र लगेच म्हणाला, "अमोल यादवांना विचार कागदपत्रं काय असतात ते!" त्याचे म्हणणे टाळण्यासारखे नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

कॅप्टन अमोल यादव यांचे नाव बहुतेक मराठी घरांत माहीत आहे. जेट एअरवेजमध्ये वैमानिक असताना त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी झाली २०१७ मध्ये, व्हीटी-एनएमडी या क्रमांकाने. उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ मध्ये आणि विमान धुळ्याच्या धावपट्टीवरून हवेत गेले २०२० मध्ये. तयार विमान लोकांना दिसल्यापासून ते उडेपर्यंत चार वर्षे गेली. सातवीतून अकरावीत जायला लागतो तेवढा हा काळ.

माझ्या मित्राचा निष्कर्ष असा की, बांधणारा बांधतो आणि कागद त्याला अडवतात. वर तो राइट बंधूंचेही उदाहरण देतो. त्यांनी कुठे फॉर्म भरले होते?

अर्धी गोष्ट खरी आहे. परवानगीसाठी एखाद्याने वर्षानुवर्षे खेटे घालावेत, हे चांगले नाही आणि त्याबद्दल बोललेच पाहिजे. पण कागद दोन प्रकारचे असतात. एक, जो वरच्या माणसाला द्यायचा असतो. दुसरा, जो पुढच्या माणसासाठी ठेवायचा असतो. राइट बंधूंनी पहिल्या प्रकारचे कागद भरले नसतील. दुसऱ्या प्रकारचे भरपूर लिहिले. १९०१ मध्ये त्यांनी छोटा हवेचा बोगदा बनवून पंखांच्या नमुन्यांची मापे घेतली आणि ती वहीत नोंदवली. त्यांच्या वह्या आणि रोजनिशा आजही जपलेल्या आहेत. मी ज्या कागदाबद्दल बोलतो आहे तो हा दुसरा.

आता विमानातल्या तारेकडे येतो. घरी बांधलेल्या लहान विमानाचा फोटो आला की आपण पंख पाहतो, इंजिन पाहतो, पंखा पाहतो. पॅनेलच्या मागे तारांचा जो जुडगा असतो त्याचा फोटो कोणी काढत नाही. पंख चुकला तर डोळ्यांना दिसतो. तार चुकली तर बराच काळ सगळे ठीक चालते, आणि म्हणूनच ती जास्त फसवते.

घरातली तार भिंतीत पडून राहते. विमानातली तार इंजिन चालू असेपर्यंत थरथरत असते. त्यामुळे तिथे जाड एकेरी तांब्याची तार चालत नाही, ती वाकून वाकून तुटते. अनेक बारीक तारा पिळलेली, कथिलाचा मुलामा दिलेली तार लागते. वरचे आवरणही वेगळे असते. आपल्या नेहमीच्या पीव्हीसीचे आवरण पेटले की दाट, विषारी धूर होतो आणि कॉकपिटमध्ये खिडकी उघडून बाहेर पळता येत नाही. म्हणून विमान बांधणारे टेफझेलसारख्या आवरणाची तार घेतात. ती सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते.

जोडणीचेही तसेच. माझा मामा मोटर वायंडिंगचे काम करतो. सोल्डर मारलेला जोड चकचकीत आणि पक्का, असे मी त्याच्याकडून लहानपणीच शिकलो होतो. पण कंप पावणाऱ्या जागी सोल्डर तारेच्या धाग्यांत पुढे शिरते, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि जिथे ताठ भाग संपतो तिथेच तार तुटते. म्हणून विमानात बहुतेक ठिकाणी योग्य पकडीने दाबून लग बसवतात आणि जोडाजवळ तारेला आधार देतात. मामाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "बरोबर आहे, पंपाच्या मोटरीला पण तिथंच तुटते."

जाडीचा हिशेब तर आपल्याला दहावीच्या पुस्तकातूनच करता येतो. १२ व्होल्टवर १०० वॉटचा लँडिंग लाइट साधारण ८ अँपिअर घेतो. २२ गेजच्या बारीक तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०५३ ओहम असतो. चार मीटर तार घेतली तर वाटेतच जवळजवळ १.७ व्होल्ट जातात आणि साडेतेरा वॉट तार तापवण्यात खर्च होतात. १४ व्होल्टच्या यंत्रणेत सतत चालणाऱ्या उपकरणासाठी वाटेत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त जाऊ देऊ नये, असा संकेत आहे. तीच तार १४ गेजची घेतली तर पाव व्होल्टच्या आसपास जातो. ओहमचा नियम परीक्षेत दोन गुणांना येतो, इथे तो दिवा आणि धूर यांतला फरक ठरवतो.

आणि फ्यूज. मला वाटायचे फ्यूज दिव्याला वाचवतो. खरे तर तो तारेला वाचवतो, म्हणून तो बॅटरीच्या बाजूला, जितका जवळ बसवता येईल तितका जवळ बसवतात. फ्यूजच्या आधीचा तारेचा तुकडा उघड्यावरच असतो. तिथे तार घासून धातूला टेकली तर शिशाच्या बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहू शकतात आणि अडवायला कोणी नसते.

एक तार तर अशी आहे की ती तुटल्यावर यंत्र बंद पडत नाही, उलट जिवंत राहते. बऱ्याच लहान विमानांच्या इंजिनात ठिणगी मॅग्नेटो देतो, त्याला बॅटरी लागत नाही. इंजिन बंद करायचे म्हणजे स्विचने मॅग्नेटोची तार ग्राउंडला जोडायची. ती तार तुटलेली असेल, तर स्विच 'ऑफ' दाखवतो आणि मॅग्नेटो मात्र चालूच असतो. अशा वेळी कोणी सहज हाताने पंखा फिरवला तर इंजिन सुरू होऊ शकते. स्विचवर लिहिलेला शब्द खरा आहे की नाही, हे मागची एक तार ठरवते.

हे फक्त हौशी लोकांचे दुखणे आहे असे नाही. २ सप्टेंबर १९९८ रोजी न्यू यॉर्कहून जिनिव्हाला निघालेले स्विसएअरचे विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि २२९ जण गेले. कॉकपिटच्या वरच्या भागातल्या तारांत ठिणगी उडून जवळचे उष्णतारोधक आच्छादन पेटले असावे, असा चौकशीचा निष्कर्ष होता. मोठी कंपनी, मोठे विमान, अनुभवी वैमानिक. कारण एका तारेएवढे.

आपण बेंगळुरूत राहतो, तेव्हा इथले उदाहरणही द्यायला हवे. नॅशनल एअरोस्पेस लॅबोरेटरीजचे 'हंसा' हे दोन आसनी विमान १९९३ मध्ये पहिल्यांदा उडाले आणि नवे हंसा-एनजी ३ सप्टेंबर २०२१ रोजी याच शहरात उडाले. त्याचा सांगाडा कंपोझिटचा आहे. धातूच्या विमानात अंगच परतीची तार म्हणून वापरता येते, कंपोझिटमध्ये प्रत्येक उपकरणाला परतीची तार वेगळी ओढावी लागते. शिवाय हंसा-एनजीच्या रोटॅक्स इंजिनात इंधन इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सोडले जाते, म्हणजे वीज गेली तर इंजिनही जाते. त्यासाठीच त्या इंजिनात दोन जनरेटर असतात. पूर्वी वीज गेली तर दिवे आणि रेडिओ जायचे. आता तार हीच इंधनाच्या नळीइतकी महत्त्वाची झाली आहे.

आता माझी चूक.

गेल्या वर्षीच्या प्रदर्शनासाठी आम्ही प्लायवूडचे कॉकपिट पॅनेल बनवले होते. डाव्या टोकाला लाल दिवा, उजव्या टोकाला हिरवा, शेपटीला पांढरा, एक लँडिंग लाइट आणि पंखा फिरवणारी मोटर. गाडीची जुनी १२ व्होल्टची बॅटरी. वायरिंग माझ्याकडे होते. लाल तारेचे एकच भेंडोळे शिल्लक होते, म्हणून सगळ्या तारा लाल. नकाशा माझ्या डोक्यात. पत्र्याच्या पट्टीला भोक पाडून सगळा जुडगा त्यातून ओढला, पण भोकात रबर बसवले नाही. फ्यूज सकाळी लावू म्हटले आणि लावला नाही. रात्री स्विच दाबले, सगळे पेटले. मी खूश होऊन झोपलो.

सकाळी टेबलावर ड्यूटी आठवीतल्या एका कॅडेटची होती. पाहुणे समोर असताना हिरवा दिवा गेला. त्याने मागे हात घालून सैल तार शोधायला जुडगा ओढला. पत्र्याच्या काठाने आवरण कापले गेले. टोकापासून टोकापर्यंत तार वितळली, धूर झाला. त्या मुलाने पळून न जाता बॅटरीची क्लिप हातानेच ओढून काढली. दोन बोटांना फोड आले.

एमआय रूममधून आल्यावर त्याला विचारले गेले, "तारा कोणी ओढल्या?" तो म्हणाला, "मी." ते खरेच होते. त्याला तीन दिवस एक्स्ट्रा ड्रिल लागली. पहिल्या संध्याकाळी मी त्याला मैदानावर पाहिले आणि काही बोललो नाही. दुसऱ्या संध्याकाळीही पाहिले, आणि त्या रात्री जाऊन सांगितले की फ्यूज मी लावला नव्हता. तिसऱ्या दिवशी ड्रिल मी केली. पण त्याचे दोन दिवस मला परत देता आले नाहीत.

मी माफी मागायला गेलो तेव्हा तो, एरवी सर म्हणणारा, मराठीत म्हणाला, "दादा, मला कुठली तार कुठली तेच कळलं नाही." तो रागावला असता तर बरे वाटले असते. त्याचे वाक्य मात्र अगदी बरोबर होते. माझा नकाशा माझ्या डोक्यात होता आणि मी तेव्हा नाश्त्याला गेलो होतो.

यावर एक खरा आक्षेप आहे. आमच्या एका शिक्षकांना काळजी वाटते की एवढे नियम लावले तर सातवी-आठवीतली मुले हौसेने काही बनवणारच नाहीत. मला ही भीती समजते. म्हणून माझी मागणी लहान ठेवली आहे. नकाशा हाताने, वहीच्या एका पानावर. चिठ्ठी म्हणजे तारेवर गुंडाळलेला कागदी टेपचा तुकडा, त्यावर 'हिरवा दिवा' असे लिहिलेले, दोन्ही टोकांना. एका टोकाला नाव असेल तर बांधणाऱ्याचा उपयोग होतो. दोन्ही टोकांना असेल तर दुरुस्त करणाऱ्याचा. फ्यूज काही रुपयांना मिळतो. तपासणाऱ्याने एकदा तारा हलक्या हाताने ओढून पाहाव्यात, फ्यूज बॅटरीजवळ आहे का पाहावे आणि सही करावी. अर्ध्या तासाचे काम आहे. किट इन्स्पेक्शनला आपण बुटाच्या तळाचे खिळेसुद्धा दाखवतो, मग पॅनेलची मागची बाजू दाखवायला काय हरकत आहे?

परीक्षकांनाही विनंती आहे. दहा गुणांपैकी दोन मागच्या बाजूला द्या. मुले गुण जिथे असतात तिथे मेहनत करतात, हे मी मुलगा असल्यामुळे खात्रीने सांगू शकतो.

आपल्यापैकी काही जण उद्या हवाई दलात जातील, काही सैन्यात, काही कदाचित स्वतःच्या गच्चीवर काहीतरी बांधतील. आपण जोडलेली तार बहुतेक वेळा दुसरेच कोणी उघडणार आहे, रात्री, घाईत, आपण जवळ नसताना. त्याला कळले पाहिजे.

ते पॅनेल मी पुन्हा वायर केले आहे. परतीच्या तारा काळ्या, भोकात रबर, बॅटरीपासून चार बोटांवर फ्यूज, आतल्या बाजूला नकाशा चिकटवलेला. तपासणी त्याच ज्युनियरने केली. पहिल्या वेळी त्याने सही नाकारली, कारण पांढऱ्या दिव्याच्या एका टोकाला चिठ्ठी नव्हती. दुसऱ्या वेळी केली.

यंदाच्या प्रदर्शनात आमच्या टेबलापाशी आलात, तर मागची फळी उघडायला जरूर सांगा.