शेफची पाटी आणि मोरीजवळची माणसे

नेरूळ-सीवूड्सच्या पट्ट्यात अलीकडे वाढदिवस घरी फारसे साजरे होत नाहीत. औक्षण सकाळी उरकते आणि संध्याकाळी चार-सहा मित्र मिळून करावे गावाच्या आसपास, पाम बीच मार्गाच्या अल्याड-पल्याड निघालेल्या एखाद्या रेस्टॉरंटात जेवायला जातात. ते रेस्टॉरंट एखाद्या शेठजीने काढलेले नसून स्वतः शेफने चालवलेले असेल, तर त्याचे कौतुक अधिक. आपल्या चळवळीतील काही ज्येष्ठ साथींना यात अधःपात दिसतो. सेवा दलाच्या शिबिरात पिठले-भात खाऊन वाढलेल्यांची मुले एका रात्रीच्या जेवणावर एवढा पैसा उधळतात, याचा त्यांना संताप येतो.

हा संताप प्रामाणिक आहे, पण तो समाजवादी नाही. उपास आणि विरक्ती यांचा उपदेश करायला या देशात पुष्कळ मठ आहेत. त्यात पक्षाने आपल्या मठाची भर घालण्याचे कारण नाही. ज्या आगरी-कोळी समाजाच्या भूमीवर ही रेस्टॉरंटे उभी आहेत, त्या समाजात हळदीच्या रात्री गाव जेवते आणि त्यावर कोणी अर्थशास्त्राचे प्रवचन झोडत नाही. मित्रांसोबत चार घास चवीने खाणे हा गुन्हा नव्हे. त्या ताटामागे कोणाचे किती तास गेले आणि बिलातले किती कोणाच्या पदरात पडले, हे न विचारणे हा मात्र गुन्हा आहे. आणि तो जेवणाऱ्यांइतकाच नाक मुरडणाऱ्यांकडूनही घडतो आहे.

शेफने चालवलेल्या रेस्टॉरंटाचे एक तत्त्वज्ञान सांगितले जाते. येथे भांडवलदार आणि कामगार हा भेदच उरत नाही. ज्याच्या हातात कलथा तोच मालक. ऐकायला हे गोड वाटते. परंतु शेफ या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी प्रमुख असा आहे, आणि प्रमुख म्हटला की हाताखालची माणसे आलीच. युरोपातील मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघराची आजची व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एस्कॉफिए याने बसवली, ती सैन्यातील तुकडीच्या धर्तीवर. तिच्या तळाशी भांडी घासणाऱ्याचे जिणे कसे असते, हे जॉर्ज ऑर्वेलने पॅरिसमध्ये स्वतः ते काम करून १९३३च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. कोपनहेगनचे 'नोमा' हे जगातील सर्वोत्तम म्हणून वारंवार गौरवलेले रेस्टॉरंट शेफचेच. तेथे शिकाऊ उमेदवार वर्षानुवर्षे बिनपगारी राबत होते. ऑक्टोबर २०२२ पासून त्यांना वेतन देणे सुरू झाले, आणि जानेवारी २०२३ मध्ये मालक-शेफने जाहीर केले की या पद्धतीचे रेस्टॉरंट चालवणे परवडणारे नाही. फुकटच्या श्रमाला दाम मोजताच जगन्मान्य कलेचा हिशेब डळमळीत व्हावा, ही कबुली कोणत्याही पक्षपत्रकापेक्षा बोलकी आहे.

बरे, स्वयंपाक करणाऱ्यानेच भोजनगृह चालवायचे ही कल्पना आपल्याकडे नवी आहे काय? मुंबईच्या गिरणगावात हजारो गिरणी कामगार ज्यांच्या हातचे जेवत, त्या खानावळवाल्या बायका दुसरे काय करीत होत्या? पहाटे चूल पेटवायची, पाळीप्रमाणे डबे भरायचे, महिन्याच्या उधारीवर माणसे जेवू घालायची आणि संपाच्या काळात पैसे बुडण्याचा धोका पत्करूनही चूल विझू द्यायची नाही, हे सारे त्यांनी केले. मालक त्याच, आचारी त्याच, भांडी घासणाऱ्याही त्याच. त्यांना कोणी शेफ म्हटले नाही. वाण्याच्या आणि सावकाराच्या कर्जात त्या गळ्यापर्यंत बुडालेल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, पहिल्या चौदा जणींना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कोठे त्या फासातून सुटका होऊ लागली. याच मंडळाची वास्तू पुढे वाशीला उभी राहिली. सीवूड्सहून रेल्वेने चौथे स्थानक. वाढदिवसाला जाणाऱ्या आपल्या तरुणांपैकी कितीजणांना तिची माहिती आहे? आणि ती त्यांना सांगायची सोडून ज्येष्ठ साथी पिठले-भाताच्या आठवणी काढीत बसले असतील, तर दोष कोणाचा?

आता बिलाकडे वळू. उदाहरणादाखल सहा हजारांचे बिल घ्या. त्यावर ५ टक्क्यांप्रमाणे तीनशे रुपये वस्तू व सेवा कर. पुष्कळ ठिकाणी आणखी दहा टक्के, म्हणजे सहाशे रुपये, सेवाशुल्क. हे शुल्क सक्तीने लावू नये असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले. रेस्टॉरंट मालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. ग्राहकांनी आनंद मानला, तो रास्तच होता. पण या सगळ्या वादात एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. मालकांचा युक्तिवाद असा की हा पैसा नोकरांच्या कल्याणासाठी असतो. ग्राहकांचा असा की वेतन देणे हे मालकाचे काम. दोन्ही बाजू वाढप्याच्या नावाने बोलत होत्या आणि वाढपी नेहमीप्रमाणे पाण्याचा जग घेऊन भिंतीशी उभा होता. त्याला हवे आहे ते ठरलेले वेतन, ठरलेले तास आणि आठवड्याची सुटी. बक्षिसी ही सरंजामी जगातली वस्तू आहे, मग ती स्वखुशीची असो वा बिलात छापलेली.

आणि ठरलेल्या तासांचे काय झाले? २०१७च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यात बदल मंजूर केला: नऊचे दहा तास, आणि कायद्याची कक्षा दहाऐवजी वीस कामगारांपासून. याचा अर्थ काय? मोठ्या हॉटेल कंपन्यांना याने विशेष फरक पडत नाही. जेथे दोन आचारी, तीन मदतनीस, चार वाढपी, दोन भांडीवाले आणि एक गल्ल्यावर असा बारा-पंधरा माणसांचा संसार असतो, ते कलासक्त, आटोपशीर, शेफने चालवलेले रेस्टॉरंटच नेमके कक्षेबाहेर जाते. गुंतवणूक आणि व्यवसायसुलभता यांच्या नावाने हे घडले आणि आपल्यापैकी पुष्कळांनी ते वृत्तपत्राच्या आतल्या पानावर वाचून सोडून दिले.

शेफचीही एक बाजू आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. त्याच्या बिलातला मोठा लचका जागेचे भाडे तोडते. रिकार्डोने खंडाविषयी जे सांगितले ते पाम बीच मार्गावर अजून खरे आहे: उद्यम करणारा कमावतो आणि जमिनीचा धनी वाट न पाहता घेऊन जातो. आता ही जमीन कोणाची? १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले, त्यांत करावे एक. त्या भूमीच्या दामासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणच्या बाजूला शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाचजण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क त्या रक्तातून आला. आज त्याच जमिनीवरच्या गाळ्याचे भाडे भरताना शेफ घामाघूम होतो आणि तो घाम मोरीजवळच्या माणसाच्या अंगावर निथळतो. विरोधाभास असा की त्या माणसाला परवडणारी खोली बहुधा गावठाणातच मिळते, आणि तिचे भाडे घेणारा कालचा प्रकल्पग्रस्त असतो. वर्गसंबंध पुस्तकातल्यासारखे सरळ रेषेत कधीच उभे राहत नाहीत.

तेव्हा करायचे काय? बहिष्कार नव्हे. त्याने पहिली नोकरी जाईल ती भांडीवाल्याची. या धंद्यातील माणसे संघटित होत नाहीत हा समजही खोटा आहे. जॉर्ज फर्नांडिस यांनी कामगार चळवळीचे पहिले धडे गिरवले ते १९४९च्या सुमारास मंगळूरच्या हॉटेल आणि मोटार कामगारांत. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करून नोकरांना घरी पाठवले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पाठबळावर त्याच नोकरांनी १९५७ साली बंगळूरला सहकारी संस्था काढली, पुढच्या वर्षी त्रिचूरला; केरळातील त्यांची कॉफी हाउसे आजही चालू आहेत. तेथे आचारी आणि वाढपी दोघेही सभासद आहेत. कलथा धरणारा मालक, हे तत्त्व खरे करायचे असेल तर ते असे.

पक्षाच्या नेरूळ शाखेने या महिन्यात एवढेच करावे. करावे ते सीवूड्स स्थानक या टापूतील भोजनगृहांची यादी करावी आणि रात्री शटर ओढल्यावर मागच्या दाराने बाहेर पडणाऱ्यांना तीन गोष्टी विचाराव्यात: सकाळी किती वाजता आलात, सुटीचा वार कोणता, पगार हातात किती पडतो. वाढदिवसाला जाणाऱ्या तरुण साथींनी हेच प्रश्न पुढच्या दाराने जाऊन शेफला विचारावेत, जेवण झाल्यावर, नम्रपणे आणि बिल भरण्यापूर्वी. दोन्ही उत्तरे या साप्ताहिकाकडे पाठवावीत.