आठ दिवसांची मिरची

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतील ज्या गावांना बाजार आठ दिवसांतून एकदाच लाभतो, तेथील गृहिणीला हिरव्या मिरचीची खरीद ही जिभेच्या चोचल्यांची बाब नसून पुढील बाजारापर्यंतच्या बंदोबस्ताची बाब असते. कारण भाजी संपली तरी भातासोबत मीठमिरचीचा ठेचा तेवढा असला, म्हणजे घरातले माणूस उपाशी उठत नाही.

काही वर्षांपूर्वी चंद्रपूर जिल्ह्यातील मूलच्या बाजारात सुरकुतलेल्या मिरच्यांचा एक वाटा नासका समजून मी परत केला, तेव्हा विकणारी वृद्ध बाई शांतपणे म्हणाली, "भाऊ, मिरची वारली आहे जी, सडली नाही. देठ पाहा." झाडीबोलीत ळकाराचा रकार होतो, म्हणून तिची 'वारली' म्हणजे वाळली, आणि वाळणे व सडणे यांतील जो भेद तिने एका वाक्यात दाखविला, तो सुशिक्षित घरांतून विसरला गेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोपावरून उतरलेली मिरचीही श्वसन करीत असते आणि तिच्यातील पाणी हळूहळू उडत राहते. तेव्हा सुरकुती हा केवळ पाण्याचा तोटा होय, आणि टोपलीतली मिरची लाल होऊ लागली तर तो पक्वतेचा क्रम आहे, विकार नव्हे. विकार बहुधा देठाच्या टोपीपाशी प्रथम प्रकटतो: तेथे काळसर ओला डाग पडतो, साल बुळबुळीत होते, बोटाने दाबताच गर खचतो आणि आंबूस दुर्गंध सुटतो. सालीवर वर्तुळावर्तुळांचा खोलगट डाग दिसला, तर ती फळकुज समजावी. पुष्कळदा मात्र बाहेरून तुकतुकीत असलेल्या मिरचीच्या पोटात करडी बुरशी माजलेली असते, म्हणून अख्खी मिरची फोडणीत टाकण्यापूर्वी ती उभी चिरून पाहावी. बिया तपकिरी, पण गर टणक आणि बुरशीचा मागमूस नाही, असे आढळल्यास दोष बहुधा अति थंडीचा असतो.

मिरचीला 7 ते 10 अंश सेल्सिअस तापमान मानवते. त्याहून फार गार जागी तिच्या सालीवर खड्डे पडतात, यास्तव शीतकपाटात तिचे स्थान भाजीच्या खणात असावे. ती न धुता, ओलसर असल्यास सावलीत पसरून, देठ काढून, कोरड्या सुती कापडात गुंडाळावी, आणि दर दोन दिवसांनी निवडावी, कारण एक सडकी मिरची शेजारणींना सोबत नेते. पण ज्या घरी शीतकपाट नाही आणि मे महिन्यात चंद्रपुरास पारा 47 अंशांपुढे जातो, तेथे काय करावे? दोन मडकी एकात एक ठेवून मधल्या पोकळीत ओली वाळू भरली, तर बाष्पीभवनाने आतले मडके थंड राहते. मात्र पावसाळ्याच्या दमट हवेत हा उपाय निष्फळ ठरतो, आणि तेव्हा उरलेल्या मिरचीची, उन्हाची उघडीप मिळताच, दह्यामिठाची सांडगी करणे हाच शहाणपणा.

मिरचीविषयी ही आस्था अस्थानी नाही. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याकडे ती शेतात पिकते, आणि चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील हजारो मजूर दरसाल तोडणीसाठी तेलंगणात जातात; 2020 च्या टाळेबंदीत ते तेथेच अडकले आणि अनेकांनी जंगलवाटेने पायी गाव गाठले. हे मजूर परतताना वर्षाची लाल मिरची सोबत आणतात. ती पुरती वाळण्यापूर्वी पोत्यात कोंबली, तर तिच्यावर बुरशी चढते. आणि काही बुरशींचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तळल्याने वा शिजविल्याने नाहीसे होत नाही. अशी मिरची कितीही महागाची असो, ती फेकावी.

आणि पुढल्या बाजारी एखाद्या म्हातारीच्या पुढ्यात सुरकुतलेला वाटा दिसला, तर वाचकहो, आधी देठ पाहा. तो निरोगी असेल, तर वाटा परत करू नका.