हात मागे घ्यायला मेंदूची परवानगी लागत नाही

तापलेल्या तव्याला बोट लागले की हात आधी मागे येतो, चटका नंतर जाणवतो. हा निर्णय मेंदू घेत नाही. तो मज्जारज्जूतच होतो. मेंदूला खबर पोहोचते, पण तोवर काम झालेले असते. रस्ता कधी ओलांडायचा, हे मात्र मेंदूच ठरवतो. कोणता निर्णय कुठे व्हावा, याची वाटणी शरीराने करून ठेवली आहे. आपल्या आरोग्यव्यवस्थेला ती अजून नीट जमलेली नाही.

नवजात बाळाचा जंतुसंसर्गच घ्या. सकाळी नीट दूध ओढणारे बाळ संध्याकाळी मलूल होते, अंग गार लागते आणि रात्रीपर्यंत उशीर झालेला असतो. बदल दिसतो तो घरात आणि हाताशी असतात काही तास. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हे ओळखले. 39 गावांत थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, धोक्याची लक्षणे ओळखणे शिकवले. पालक रुग्णालयात न्यायला तयार नसतील तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याचीही मुभा त्यांना होती. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंच्या प्रमाणात तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांची निव्वळ घट झाली होती.

म्हणून वरून आखणी नकोच, असे म्हणणे चुकीचे ठरेल. पोलिओचा विषाणू जिल्ह्याची हद्द पाळत नाही. प्रत्येक गावाने आपापल्या सोयीने दिवस ठरवला असता, तर विषाणूला कुठे ना कुठे जागा मिळतच राहिली असती. 1995 पासून ठरलेल्या दिवशी देशभर डोस दिले गेले, लस कारखान्यापासून बूथपर्यंत थंड राहिली, म्हणून 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तिथे एकच घड्याळ हवे होते.

गडचिरोलीच्या अनुभवावरून 2011 मध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला आशा 42 दिवसांत सहा वेळा भेटते. भेटींचे वेळापत्रक खाली पोहोचले, इंजेक्शनचा अधिकार मात्र आशांकडे आला नाही. त्यामागची भीती निराधार नाही. अर्धवट शिकवून हातात सुई देणे धोक्याचेच. पण गडचिरोलीत सुईच्या आधी कसून प्रशिक्षण होते आणि सुईमागे नियमित देखरेख. असे पाठबळ उभारणे हे वरच्यांचे खरे काम. ते न करता केवळ तक्ते मागवले, तर भेटी भरतात, बाळ तसेच राहते.

कोणतीही योजना आखताना दोन प्रश्न आधी विचारावेत: माहिती कुणाजवळ आहे आणि वेळ किती आहे? माहिती घरात आणि वेळ थोडा असेल, तर निर्णय तिथेच व्हायला हवा. औषध, शिक्षण आणि वाहन मात्र वरूनच यावे लागेल. सुरुवात साधी असू शकते. आशाने ‘हे बाळ धोक्यात आहे’ असे कळवले, की रुग्णवाहिका निघावी आणि आरोग्य केंद्राने तयारीत राहावे. कागद नंतर भरता येतील.