विश्लेषण : इटलीत चार आठवडे राहून इटालियन येते का?

उन्हाळी भाषा-अभ्यासक्रमांच्या जाहिराती आकर्षक असतात आणि खर्च लाखांच्या घरात जातो. पैसे भरण्यापूर्वी या महिन्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा हिशेब मांडायला हवा.

‘एक महिना इटलीत राहा, भाषा शिका, संस्कृती अनुभवा’ अशा जाहिराती हल्ली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर वारंवार झळकतात. फ्लॉरेन्स, सिएना, रोम ही नावे भुरळ घालणारीच आहेत. मात्र या एका महिन्यासाठी अनेक घरांत मुदत ठेव मोडली जाते किंवा कर्ज काढले जाते. परत येताना मुलगा किंवा मुलगी इटालियन बोलत येईल, अशी पालकांची अपेक्षा असते. ही अपेक्षाच तपासून पाहायला हवी. भाषेचा श्रीगणेशा करण्यासाठी हा महिना फार महाग पडतो. थोडीफार येत असलेली भाषा बोलती करण्यासाठी मात्र त्याला तोड नाही.

हे अभ्यासक्रम नेमके कसे असतात?

परदेशी विद्यार्थ्यांना इटालियन शिकवण्याची परंपरा इटलीत शंभर वर्षांहून जुनी आहे. सिएना येथे असे वर्ग १९१७ मध्ये, तर पेरुजा येथे १९२१ मध्ये सुरू झाले. आज या दोन्ही शहरांत खास परदेशी विद्यार्थ्यांसाठीची सरकारी विद्यापीठे आहेत. याशिवाय अनेक खासगी भाषाशाळा आहेत आणि अमेरिकी विद्यापीठेही आपापल्या विद्यार्थ्यांना घेऊन उन्हाळी वर्ग भरवतात.

साधारण आराखडा सगळीकडे सारखाच. सुरुवातीला पातळी ठरवणारी चाचणी, सकाळी व्याकरण आणि संभाषणाचे वर्ग, दुपारनंतर कला, चित्रपट, स्वयंपाक किंवा शहरफेरी. शेवटी हजेरीचे प्रमाणपत्र मिळते. हे प्रमाणपत्र आणि भाषेच्या परीक्षेचे प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिएना विद्यापीठाची ‘चिल्स’ आणि पेरुजाची ‘चेली’ या मान्यताप्राप्त परीक्षा स्वतंत्रपणे द्याव्या लागतात. जाहिरातीत नुसते ‘प्रमाणपत्र’ असे लिहिले असेल, तर ते कोणते हे आधी विचारावे.

चार आठवड्यांत किती भाषा येते?

येथे साधे गणित कामी येते. अमेरिकी परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना परकीय भाषा शिकवते. इंग्रजी भाषकांसाठी सोप्या मानलेल्या भाषांमध्ये ती इटालियनची गणना करते. तरीही कामकाजापुरते प्रावीण्य येण्यासाठी सुमारे ६०० ते ७५० तासांचे वर्ग लागतात, असा तिचा अंदाज आहे. उन्हाळी अभ्यासक्रमात आठवड्याला साधारण २० तास शिकवले जाते असे धरले, तर चार आठवड्यांचे ८० तास होतात. म्हणजे एकूण वाटचालीचा सातवा भागही नाही.

युरोपात भाषेच्या ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या मानतात. शून्यापासून सुरुवात करणारा विद्यार्थी ८० तासांत फार तर पहिली पातळी गाठतो. स्वतःची ओळख करून देणे, तिकीट मागणे, किंमत विचारणे एवढे त्याला जमते. हेच ८० तास मुंबई-पुण्यातील वर्गात किंवा ऑनलाइन, कितीतरी कमी पैशांत पूर्ण होऊ शकतात.

मग तिथे जायची गरजच काय?

गरज आहे, कारण वर्गात शिकलेली भाषा तोंडात बसायला माणसे लागतात. लेखिका झुंपा लाहिरी यांचे उदाहरण बोलके आहे. त्या १९९४ मध्ये पहिल्यांदा फ्लॉरेन्सला गेल्या आणि त्या भाषेच्या प्रेमात पडल्या. पुढे अमेरिकेत राहून त्यांनी अनेक वर्षे शिकवण्या लावल्या, पण भाषेवर हवी तशी पकड येईना. २०१२ मध्ये त्या कुटुंबासह रोमला राहायला गेल्या आणि २०१५ मध्ये त्यांचे थेट इटालियनमध्ये लिहिलेले ‘इन आल्त्रे पारोले’ हे पुस्तक आले. वर्षानुवर्षांची तयारी आणि मग तिथले राहणे, या दोन्हींतून ते घडले.

याची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतील मिडलबरी महाविद्यालय १९१५ पासून उन्हाळी भाषाशाळा चालवते. त्यात इटालियनचीही शाळा आहे. तेथे विद्यार्थ्याला लेखी हमी द्यावी लागते की, अभ्यासक्रम संपेपर्यंत शिकत असलेली भाषाच बोलेन. जेवताना, खेळतानाही इंग्रजी नाही. याउलट फ्लॉरेन्सला जाऊन आपल्याच देशातील मित्रांसोबत एका फ्लॅटमध्ये राहिलात, तर दिवसभर हिंदी-इंग्रजीच चालेल. भाषा येते ती ती बोलण्यावाचून गत्यंतर नसते म्हणून. नुसता विमान प्रवास ते काम करत नाही.

मराठी भाषकांना इटालियन किती जवळची?

वाटते त्याहून बरीच जवळची. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी १५८० च्या दशकात भारतात आला आणि १५८८ मध्ये गोव्यातच वारला. त्याने मायदेशी पाठवलेल्या पत्रांत संस्कृत आणि इटालियन शब्दांतील साम्य नोंदवले होते. देवाला ‘दिओ’, सापाला ‘सेर्पे’ आणि सहा, सात, आठ, नऊ या आकड्यांना ‘सेई, सेत्ते, ओत्तो, नोवे’. मराठी कानाला हे नाते आजही लगेच ओळखू येते.

व्याकरणातही ओळखीच्या खुणा सापडतात. ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ याप्रमाणे तेथेही विशेषण लिंगानुसार बदलते. आपल्याकडे तीन लिंगे, त्यांच्याकडे दोनच. ‘तू’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ‘जातो’ म्हटले की ‘मी’ वेगळा सांगावा लागत नाही, तसेच तेथेही. त, द हे उच्चार आपल्यासारखे दंत्य आहेत. ‘पक्का’, ‘पत्ता’ उच्चारणाऱ्या तोंडाला ‘कासा’ म्हणजे घर आणि ‘कास्सा’ म्हणजे गल्ला यातील फरक जड जात नाही. इंग्रजी भाषक मात्र अनेकदा तेथेच अडखळतात. त्यामुळे सुरुवातीच्या पातळ्या घरी बसून पार करणे आपल्याला तुलनेने सोपे आहे.

कोणते शहर, कोणता महिना?

मोठी पर्यटनस्थळे भाषा शिकण्यासाठी अडचणीची ठरतात. रोम किंवा व्हेनिसमध्ये तुम्ही चाचरत इटालियन बोलू लागताच समोरचा दुकानदार इंग्रजीत उत्तर देतो. पेरुजा, सिएना अशा लहान शहरांत ती शक्यता कमी. प्रमाण इटालियनचा पाया तोस्कानाच्या भाषेत आहे, म्हणून सिएना-फ्लॉरेन्सकडे ओढा असतो. पण तिथल्या बोलीतही दोन स्वरांमधील ‘क’ अनेकदा ‘ह’सारखा ऐकू येतो आणि ‘ला कासा’चे ‘ला हासा’ होते. पुस्तकातील भाषा आणि रस्त्यावरील भाषा यांतील हे अंतर कानांनी पार करणे, हाच तिथे जाण्याचा खरा लाभ.

महिन्याची निवडही महत्त्वाची. १५ ऑगस्टला इटलीत ‘फेर्रागोस्तो’ची सुट्टी असते. त्या सुमारास स्थानिक लोक समुद्रकिनारी किंवा डोंगरात जातात, अनेक दुकानांना कुलपे लागतात आणि शहरात पर्यटकच जास्त दिसतात. ज्यांच्याशी बोलायचे, तेच गावात नसतात. जून किंवा जुलै त्यामुळे बरा. मात्र आपली सुट्टी एप्रिल-मेमधली. जून-जुलैत महाविद्यालये सुरू होतात, तेव्हा हजेरीचा प्रश्न आधीच सोडवावा लागतो.

व्हिसा आणि खर्चाचे काय?

९० दिवसांपर्यंतच्या अभ्यासक्रमासाठी अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी त्याचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. किमान ३० हजार युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय प्रवास विमा बंधनकारक असतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी तो करावाच लागतो. उन्हाळ्यात गर्दी असते, म्हणून शेवटच्या दिवसांवर विसंबू नये. तिथे अर्धवेळ काम करून खर्च भरून काढू, हा हिशेब या व्हिसावर धरू नये.

शिकवणीचे शुल्क हा खर्चाचा एक भाग झाला. विमानाचे तिकीट, राहणे आणि जेवण यांचा बोजा अनेकदा त्याहून अधिक असतो. निवासात निवड असेल, तर इटालियन कुटुंबाकडे राहण्याचा पर्याय घ्यावा. रोजच्या जेवणाच्या टेबलावर मिळणारा सराव कोणत्याही वर्गात मिळत नाही.

पुढील शिक्षणाला उपयोग होतो का?

थेट उपयोग मर्यादित आहे. इटालियन माध्यमातील पदवी अभ्यासक्रमांसाठी साधारणपणे बी२ पातळी मागितली जाते आणि एका उन्हाळ्यात शून्यातून ती गाठता येत नाही. इंग्रजी माध्यमातील अनेक अभ्यासक्रमांना इटालियनची अटच नसते. त्यामुळे ‘उन्हाळी वर्ग केला की प्रवेश सोपा’ असे कोणी सांगत असेल, तर त्याच्याकडून ते लेखी मागावे. तिथे दोन-तीन वर्षे शिकायला जाणाऱ्याला मात्र भाषेची आधी केलेली तयारी घर शोधताना, डॉक्टरकडे जाताना आणि सरकारी कचेरीत पावलोपावली कामी येते.

मग जावे की नाही?

जावे, पण रिकाम्या हाताने नव्हे. आधी वर्ष-दीड वर्ष घरी राहून ए२ पातळी पूर्ण करावी. रोज अर्धा तास इटालियन रेडिओ ऐकावा. इतके झाल्यावरही गोडी टिकली, तर तिकीट काढावे. गोडी टिकली नाही, तर लाखो रुपये वाचले असे समजावे.

सिएनात २ जुलै आणि १६ ऑगस्टला ‘पालिओ’ ही घोड्यांची शर्यत होते. शहरातील १७ मोहल्ल्यांपैकी १० मोहल्ले प्रत्येक वेळी धावतात. ए१ पातळीचा विद्यार्थी ती पाहतो आणि फोटो काढतो. ए२ झालेला विद्यार्थी घरमालकिणीला तिचा मोहल्ला कोणता ते विचारतो, मग ती तासभर बोलत राहते आणि त्याला त्यातले निम्मे कळते. मुदत ठेव मोडायचीच असेल, तर ती त्या तासासाठी मोडावी.