टपावरची काडी मोडली तर

गाडीच्या टपावरची एरियलची काडी मोडली की आपण दोनातलं एक करतो. ‘रेडिओ कोण ऐकतो आता’ म्हणत तशीच सोडून देतो, नाहीतर नागपूरला गेल्यावर जे पहिलं दुकान दिसेल तिथे गाडी लावून ‘नवीन बसवून टाका’ सांगतो. मी दोन्ही करून पाहिलंय. दोन्हींचे पैसे गेले, म्हणून हे लिहितोय.

माझी काडी चांदपूरला मोडली. हनुमानाचं दर्शन घेऊन परत येईस्तोवर एक वांदर टपावर बसून ती वाकवत होतं. हाकललं तर जाताना अर्धी घेऊनच गेलं. उरलेलं खुंट मी तसंच ठेवलं. आषाढात टपाच्या आतल्या कापडावर चहा सांडल्यासारखा डाग दिसला, मग गाडीत ओल्या गोणपाटाचा वास यायला लागला. वांदराने काडीबरोबर खालचं बूडही हलवलं होतं आणि त्याखालच्या रबरातून पाणी झिरपत होतं, हे फार उशिरा कळलं. त्यानंतर एका दुकानदाराने मला शार्कच्या परासारखं दिसणारं एरियल चिकटवून दिलं. दिसायला झकास, पण ते नुसतं प्लास्टिक होतं आणि खाली दोन्हीकडून चिकटणारी पट्टी. आत वायरच नव्हती! असली शोभेची परं बाजारात भरपूर मिळतात, तेव्हा विकत घेताना उलटं करून बघा. खालून वायर किंवा स्क्रूची जागा दिसली नाही तर ते एरियल नाही, खेळणं आहे.

आपल्या भंडाऱ्याच्या, एमएच ३६च्या गाड्यांना काडी मोडायचे प्रसंग शहरापेक्षा जास्त येतात. वांदरं आहेतच. शिवाय टपावर बांधलेलं तणस, लग्नाच्या मांडवाचा खाली आलेला बांबू, आंब्याची फांदी, घाईत ओढलेलं ताडपत्रीचं कव्हर, वॉशिंग सेंटरवरचा जोरात फिरवलेला ब्रश. यातल्या निम्म्या प्रसंगांवर उपाय साधा आहे. बहुतेक छोट्या गाड्यांची काडी हाताने डावीकडे फिरवली की निघते. गाडी धुवायला देताना, कव्हर घालताना किंवा टपावर ओझं बांधताना ती काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाका. निघत नसेल तर जोर लावू नका, थोडं तेल सोडून दुसऱ्या दिवशी बघा.

रेडिओ कोण ऐकतो, हा प्रश्न नागपुरात विचारला तर ठीक आहे. तिथे मोडक्या काडीवरही एफएम वाजतं. आपण तिथून साठेक किलोमीटरवर, साकोलीकर तर शंभरावर. एफएमची लहर जवळपास सरळ रेषेत चालते. जमिनीचा बाक आणि मधली टेकाडं आली की ती विरत जाते. म्हणजे आपण सिग्नलच्या काठावर राहतो आणि काठावरच्या माणसाला चांगल्या काडीची गरज शहरातल्यापेक्षा जास्त. नागपूरच्या विविध भारतीचं १००.६ मेगाहर्ट्झ घ्या. त्याची लहर सुमारे ३ मीटर लांब, आणि चांगल्या पकडीसाठी काडी तिच्या चौथाईची, म्हणजे पाऊण मीटरची लागते. जुन्या गाड्यांची ओढून लांब करायची काडी साधारण तेवढीच असे. आताची वीतभर काडी आत तार गुंडाळून तेच काम करते, आणि जी कसर राहते ती बऱ्याच गाड्यांत बुडातला छोटा अ‍ॅम्प्लिफायर भरून काढतो. नागपूर आकाशवाणीचं मध्यम लहरींवरचं ५८५ किलोहर्ट्झचं प्रक्षेपण वेगळं. त्याची लहर अर्धा किलोमीटरहून लांब, जमिनीला धरून चालते, म्हणून एफएम सोडून देतं तिथेही ते पोचतं. फक्त आजकालच्या बऱ्याच स्टिरिओंत ते बटणच नसतं. नवा स्टिरिओ घेताना एएम आहे का, हे विचारून घ्या.

ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगा भंडारा शहरात शिरली होती, ते दिवस आठवतात ना? दोन-तीन दिवस वीज नसली की मोबाइलची बॅटरी उतरते, टॉवरही दम टाकतो. गाडीच्या बारा व्होल्टवर चालणारा रेडिओ तेव्हा घरातलं शेवटचं चालू यंत्र असू शकतो. कोक्याच्या जंगलातून जाताना नेटवर्क जातं, तेव्हाही तोच सोबतीला असतो.

आता दुरुस्तीचं. नेमकं काय मोडलंय ते बघितल्याशिवाय पाकीट उघडू नका. काडी, बूड, केबल आणि स्टिरिओ या चार जागा. त्यात काडी सगळ्यांत स्वस्त आणि बहुतेकदा बिघडलेली तीच असते. ओळखायचं कसं? काडी काढा, तिच्या स्क्रूच्या भोकात पाऊण मीटर वायरचं सोललेलं टोक घट्ट बसवा, वायर उभी धरा. सोललेलं टोक टपाच्या पत्र्याला लागू देऊ नका. रेडिओ सुधारला तर बूड, केबल, स्टिरिओ सगळं ठीक आहे, फक्त काडी घ्यायची. काहीच फरक पडला नाही तर स्टिरिओ बाहेर काढून त्याच्या मागच्या एरियलच्या भोकात तीच वायर घाला. तिथे स्टेशन आलं तर दोष केबलमध्ये नाहीतर बुडात. तिथेही नाही आलं तर स्टिरिओत. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियन पंधरा-वीस मिनिटांत करतो. ‘बूडच बदलावं लागेल’ असं बघायच्या आधीच जो सांगतो, त्याच्याकडून उठून या.

ज्यांनी अलीकडे मोठ्या पडद्याचा नवा स्टिरिओ बसवून घेतला आणि तेव्हापासून एफएम खरखरतं, त्यांनी काडीकडे बघूच नये. बुडातल्या अ‍ॅम्प्लिफायरला वीज लागते. ती स्टिरिओच्या मागून येणाऱ्या निळ्या वायरीतून मिळते आणि घाईत बसवणारे ती वायर तशीच लोंबत सोडतात. दुकानात जाऊन फक्त एवढं विचारा, ‘एरियलची निळी वायर जोडली का?’ आणखी एक चोर म्हणजे सिगारेट लायटरच्या भोकात खोचलेला स्वस्त मोबाइल चार्जर. तो काढला की खरखर थांबते का ते आधी बघा. माझ्या शेजाऱ्यांनी दोन काड्या बदलल्या, दोष चार्जरचा निघाला.

खुंट आत अडकलं असेल तर टपावर जाड कापड पसरा, तेलाचे दोन थेंब सोडा, तासभर थांबा. बाहेर थोडं आलेलं असेल तर प्लासने धरून डावीकडे फिरवा. पत्र्यालगत तुटलं असेल तर करवतीच्या पात्याने त्यावर बारीक खाच पाडा आणि चपट्या पेचकसाने फिरवा. काही काड्यांचा स्क्रू पितळेचा असतो. भंडाऱ्याच्या माणसाला पितळ मऊ असतं हे सांगायला नको, पण प्लास हातात आला की आपण विसरतो. चुडी घसरली की पूर्ण बूडच बदलावं लागतं. ड्रिल तर चालवूच नका, खाली अ‍ॅम्प्लिफायरची पाटी असू शकते.

बूड बदलायचं ठरलं तर टपाचं कापड मागच्या बाजूने थोडं खाली उतरवावं लागतं, तिथल्या लाइटच्या किंवा हँडलच्या जागेतून नट सापडतो. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढून ठेवा. गाडीला बाजूने उघडणाऱ्या पडद्यासारख्या एअरबॅग असतील तर हे काम घरी करू नका, कडेच्या पट्ट्या ओढायच्याच नाहीत. नव्या बुडाबरोबर नवं रबर पॅकिंग हवंच. जुनं आपल्या मे महिन्याच्या उन्हात तडकलेलं असतं. नट आवळताना पॅकिंग दाबलं जाईल इतकंच, पत्रा वाकेपर्यंत नाही.

आणि कृपा करून एम-सील किंवा फेविक्विक लावून काडी चिकटवू नका. काडी चिकटते, पण नंतर बूड न फोडता कधीच निघत नाही. एम-सीलचा गोळा एका उन्हाळ्यात तडकतो आणि त्या चिरेतून पाणी पुन्हा आत जातं. पाऊस डोक्यावर असेल आणि काडी मिळालेली नसेल, तर भोकावर चांगली प्लास्टिकची चिकटपट्टी दोन वेळा गुंडाळा, आठवडाभर निभावते. काम झाल्यावर मगाने हळूहळू पाणी ओता आणि आत कुणाला तरी बसवून ठेवा, कापडावर ओल येते का बघायला. वॉशिंगचा जोरदार फवारा मारून बघू नका, त्याने चांगलं रबरही गळतं.

मृग लागायच्या आधी एकदा टपावर हात फिरवा, बूड हलतंय का ते बघा. आणि काडी आणायला भंडाऱ्याच्या बाजारात जाल तेव्हा मोडलेली काडी खिशात घालून न्या. पाच आणि सहा मिलिमीटरच्या चुड्या डोळ्याला सारख्याच दिसतात, दुकानातच लावून बघा, मग पैसे द्या.